एका माणसाची पिशवी

तमिळनाडूतल्या आवडी गावच्या सरकारी क्वार्टर्समध्ये कुणी लांबच्या प्रवासाला निघालं की आदल्या दिवशी बॅग घेऊन भवानीबाईंकडे यायचं. तशी रीतच पडून गेली होती. काशीला निघालेली म्हातारी यायची. लेकीच्या बाळंतपणासाठी दिल्लीला जाणारी आई यायची. एकदा लग्न होऊन दोनच दिवस झालेलं जोडपं सूटकेस ओढत आलं. भवानीबाईंनी ती जमिनीवर उपडी केली तेव्हा नवरीने तोंड पदरात लपवलं.

भवानीबाई एकेक वस्तू उचलायच्या आणि विचारायच्या, "हिला कामं किती येतात?"

एकच काम येत असेल तर वस्तू डावीकडे. दोन येत असतील तर उजवीकडे. उजवीकडचं बॅगेत परत जायचं. डावीकडचं घरी.

"टॉवेल कशाला?"

"अंग पुसायला, अक्का."

"सुती पंचा घ्या. अंग पुसतो, डोक्याला बांधता येतो, वेळेला त्यात भात बांधून नेता येतो. तुमचा टॉवेल एकदा भिजला की तीन दिवस रडत बसतो."

माणसं कुरकुरत यायची, हलकी होऊन जायची. प्रवासाहून आल्यावर पेढे घेऊन यायची.

हे सगळं भवानीबाईंना एका मोटारसायकलने शिकवलं होतं.

१९८२ साली त्या लग्न होऊन तंजावरहून आवडीला आल्या, तेव्हा वीस वर्षांच्या होत्या. सोबत पत्र्याची ट्रंक होती. ती फलाटावरून उचलायला दोन हमाल लागले. नवरा पुरुषोत्तम राव, तिथल्या सरकारी कारखान्यात फिटर. घर तंजावरचंच, मराठी तीनशे वर्षांपूर्वीची, राग आला की तमिळ. त्यांच्याकडे एक जुनी बुलेट होती. भंगारात निघालेली गाडी त्यांनी दीड वर्ष खपून स्वतःच्या हाताने उभी केली होती.

पोंगलची रजा लागली. पुरुषोत्तम राव म्हणाले, "कोडैकानलास जाऊं."

"ट्रंक कशावर बांधाल?" भवानीबाईंनी विचारलं.

त्यांनी गाडीचा कॅरियर दाखवला. दोन वितींचा. "एवढ्यांत बसेल तेवढें घे."

भवानीबाई न्हाणीघरात जाऊन रडल्या. मग तोंड धुऊन बाहेर आल्या, कारखान्यातून आलेला ताडपत्रीचा एक तुकडा मागून घेतला आणि शेजारणीच्या मशीनवर दोन पिशव्या शिवल्या. गाडीच्या दोन्ही बाजूंना एकेक. त्या पिशव्या चौतीस वर्षं टिकल्या.

त्या दोन पिशव्यांत काय काय जायचं, हे क्वार्टर्समधल्या बायकांना पाठ होतं. साडी दोनच, सुती. एक अंगावर, एक पिशवीत. पिशवीतली रात्री पांघरूण व्हायची, लॉजच्या फुटक्या खिडकीला पडदा व्हायची, गाडी चिखलात रुतली तर पीळ देऊन दोर व्हायची. खोबरेल तेलाची एक बाटली. ती केसांना, दिव्याला आणि चेनला. चेनचा जादा दुवा कुंकवाच्या करंड्यात. स्पार्क प्लग ब्लाउजच्या बाहीत गुंडाळलेला. चिंचेचा शिजवलेला मसाला डब्यात. कुठेही गरम भात मिळाला की कालवायचा आणि जेवायचं. उटीच्या थंडीत पुरुषोत्तम रावांच्या शर्टाखाली वर्तमानपत्र असायचं. सकाळी तेच काढून त्यावर इडल्या खायच्या आणि मग वाचायचं.

क्लचची जादा वायर तेवढी कुठे बसत नव्हती. गुंडाळली की तिला बाक यायचा. भवानीबाई म्हणाल्या, "चालू वायरीच्या शेजारींच बांधून टाकां ना. ती तुटली कीं ही जाग्यावरच आहे."

पुरुषोत्तम रावांनी दोन दिवस ऐकलं नाही, मग तशीच बांधली. फिटर ते होते.

पुढे कारखान्यातल्या सगळ्या बुलेटवाल्यांनी तशी वायर बांधली. विचारलं की ते सांगायचे, "रावांची पद्धत." भवानीबाईंना त्याचं काही वाटायचं नाही. थोडं वाटायचं.

मुलगी संयुक्ता झाली. तीन वर्षांची झाल्यावर तीही टाकीवर बसून यायला लागली. पिशव्या दोनच राहिल्या. दर वर्षी पोंगल झाला की निघायचं. वायनाड, हंपी, कन्याकुमारी, गोवा. घरातल्या भिंतीवर एकही फोटो नव्हता, कारण कॅमेऱ्याला एकच काम येतं. पण संध्याकाळी दोघं ओट्यावर बसली की एक म्हणायचा, "तो पूल", आणि दुसरी म्हणायची, "पावसांत, बैलगाडीच्या मागे", आणि दोघांना तो पूल दिसायचा.

एकच जागा राहिली होती, कावेरी नदीचा उगम. तलकावेरी.

दोघंही कावेरीच्या खालच्या अंगाची. भवानीबाईंच्या माहेरी घरामागे कालवा होता. उन्हाळाभर तो कोरडा असायचा. धरणातून पाणी सोडल्याची बातमी आली की पोरं कालव्यात उतरून वाट पाहायची. पाणी यायच्या आधी त्याचा आवाज यायचा. मग काटक्या, फेस, वाळकी पानं पुढे ढकलत एक तपकिरी जीभ वळणावरून यायची आणि पोरं ओरडत पळत सुटायची. भवानी आईला विचारायची, "हें येतें कोठून?" आई सांगायची, "वरून." आईलाही ठाऊक नव्हतं.

ते "वर" पाहायला दोघं दोनदा निघाली. पहिल्यांदा दोन राज्यांत पाण्यावरून तंटा पेटला होता. सीमेवरच्या होसूरजवळ चहावाल्यानेच सांगितलं, तमिळनाडूची नंबरप्लेट घेऊन पुढे जाऊ नका. दोघांनी चहा प्यायला आणि गाडी वळवली. दुसऱ्यांदा म्हैसूरपर्यंत पोचली तर संयुक्ताच्या अंगावर गोवर उठला. भवानीबाई मुलीला घेऊन आगगाडीने परतल्या. पुरुषोत्तम राव रिकामी गाडी चालवत आले. तेवढा एकच प्रवास त्यांनी एकट्याने केला.

नंतर दर वर्षी काहीतरी निघत गेलं. संयुक्ताची दहावी, सासूबाईंचं आजारपण, संयुक्ताचं लग्न. ती सिंगापूरला गेली. पुरुषोत्तम राव निवृत्त झाले. क्वार्टर सुटलं. आवडी स्टेशनच्या पलीकडे त्यांनी छोटं घर बांधलं आणि वरची खोली भाड्याने दिली.

मागच्या वर्षी पुरुषोत्तम रावांना डावीकडून आलेला सायकलवाला दिसला नाही. सायकलवाल्याला खरचटलं, एवढंच. पण डॉक्टरांनी तपासलं तेव्हा काचबिंदू निघाला. समोरचं दिसत होतं, कडेचं गेलं होतं. गेलेलं परत येणार नव्हतं. राहिलेलं टिकवायला दिवसातून तीनदा डोळ्यात थेंब घालायचे. गाडी बंद.

दोन महिन्यांनी त्यांनी स्वतःच गाडी विकली. जवळच्याच कोवलमच्या एका मासळीवाल्याने नेली.

"आतां तिला वाळल्या मासळीचा वास येत असेल," असं म्हणून ते हसले. भवानीबाई हसल्या नाहीत.

वरच्या खोलीत तेव्हा रुचिरा राहत होती. सांगलीची पोरगी, वय सव्वीस, अंबत्तूरच्या एका आयटी कंपनीत लिहिण्याचं काम करायची. पहिल्या दिवशी ती तीन सूटकेस घेऊन आली. भवानीबाई दारात उभ्या राहून म्हणाल्या, "अय्यो, लग्न करून आलीस कीं काय?" असली मराठी रुचिराने आजवर फक्त जुन्या कागदांत वाचली होती. ती जिन्यावरच थबकली. त्यानंतर रोज संध्याकाळी ती कॉफीच्या निमित्ताने खाली यायला लागली. तिच्याकडे साडेतीनशे सीसीची मोटारसायकल होती. पुरुषोत्तम राव ओट्यावरून तिचा आवाज ऐकून सांगायचे, "चेन सैल आहे, मुली." चेन सैल असायची.

फेब्रुवारीत रुचिराने आठ दिवसांची रजा टाकली. बॅग घेऊन ती खाली आली. क्वार्टर्समधली गोष्ट तिने ऐकलेली होती.

भवानीबाईंनी बॅग उपडी केली. हेअर ड्रायर डावीकडे गेला. बुटांचे दोन जोड डावीकडे गेले.

"काकू, एक तरी ठेवा!"

"पाय कितके आहेत तुजला?"

"दोन."

"मग पोदुम. एक जोड पुरे." त्यांनी प्लॅस्टिकचा रेनकोट उचलला. "कोठे निघालीस एवढी?"

"कूर्गला. मडिकेरी, भागमंडल, तलकावेरी."

भवानीबाईंच्या हातातला रेनकोट हातातच राहिला. थोड्या वेळाने त्यांनी तो उजवीकडे ठेवला. मग पुन्हा उचलून डावीकडे ठेवला.

आरामखुर्चीतून पुरुषोत्तम राव म्हणाले, "हिलाही ने."

"अय्यो, मी? आणि तुम्ही?"

"मी घर राखतों. गाडीला तिसरी सीट कोठून आणूं?"

"कांहीं तरी बोलतां."

"भवानी," ते म्हणाले, "मजला आतां नेतां यायचें नाहीं. तूं तरी पाहून ये. मग मला सांग."

चार दिवस भवानीबाई कामं करत राहिल्या. आमटीत दोनदा मीठ पडलं. एकदा अजिबात पडलं नाही. संयुक्ताने सिंगापूरहून फोन करून आधी आईला वेड्यात काढलं आणि शेवटी म्हणाली, "अम्मा, गुडघे दुखले तर मध्येच बसने परत ये." पाचव्या दिवशी भवानीबाईंनी माळ्यावरून ताडपत्रीची पिशवी काढली. एकच काढली. धुऊन वाळत घातली.

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी रुचिरा पिशवी कशी बांधायची ते पाहायला आली. तिने पिशवी उचलली आणि खाली ठेवली.

"काकू, दगड भरलेत का?"

"एक साडी आहे ग. हलकी आहे."

रुचिराने पुन्हा उचलली. "चार-पाच किलो तरी असेल!"

"तुझे हात कागदाचे. आण इकडे." भवानीबाईंनी स्वतः उचलून पाहिली. मग त्यांनी आयुष्यभर इतरांच्या बॅगांचं जे केलं, ते स्वतःच्या पिशवीचं केलं. उपडी केली.

पुरुषोत्तम रावांची लुंगी. त्यांचे दोन बनियन. दाढीचा ब्रश, साबणाची वाटी. त्यांचा मफलर. पोटासाठीचं चूर्ण. त्यांचा जुना चष्मा, नवा फुटला तर असावा म्हणून. बुलेटच्या प्लगचा पाना, जो रुचिराच्या गाडीला लागणार नव्हता. क्लचची वायर. तळाशी एक साडी आणि एक फणी.

रुचिरा त्या ढिगाकडे आणि मग भवानीबाईंकडे पाहत राहिली.

"हें मी केव्हां घातलें?" भवानीबाईंनी विचारलं. विचारणं खरं होतं. सकाळी त्या रेडिओ ऐकत पिशवी भरत होत्या. हातांनी आपलं काम केलं होतं.

"परत भरूया," रुचिरा हळूच म्हणाली. "फक्त तुमचं."

भवानीबाई खाली बसल्या. साडी घेतली. फणी घेतली. मग हात थांबले.

"आणखी काय असतें माझें?"

त्यांनी बराच विचार केला. पंचा भवानीबाईंचा होता, पण तो आधी पुरुषोत्तम रावांच्या डोक्याला असायचा आणि मग त्यांच्या हाताला यायचा. साबण रावांचाच. तेल चेनला लागून उरलेलं. वर्तमानपत्र रावांच्या छातीवरून आलेलं. क्वार्टर्समधल्या शंभर माणसांना भवानीबाईंनी विचारलं होतं, हिला कामं किती येतात. स्वतःच्या पिशवीतल्या प्रत्येक वस्तूला दोन कामं येत होती. एक रावांचं, एक त्यांचं. आता रावांचं काढून घेतलं की स्वतःसाठी कुठली वस्तू न्यायची तेच कळेना.

"मी येत नाहीं," त्या म्हणाल्या. "तूं जा, पोरी."

"काकू!"

"यांचे थेंब कोण घालेल? सकाळी सात, दुपारी दोन, रात्रीं नऊ. मीच घालतें. आठ दिवस कोण घालेल? एक दिवस चुकला तरी डॉक्टर ओरडतो."

हे खरं कारण होतं, आणि ते इतके दिवस कुणी काढलं नव्हतं. रुचिरा म्हणाली की शेजारच्या नर्सबाईंना सांगू. पुरुषोत्तम राव खुर्चीतून उठले.

"मी घालीन."

"तुम्हांस येत नाहीं."

"चाळीस वर्षें इंचाच्या हजाराव्या भागाचें काम केलें. एक थेंब घालतां येणार नाहीं?"

नेहमीचे थेंब वाया जाऊ नयेत म्हणून भवानीबाईंनी रिकाम्या बाटलीत उकळून गार केलेलं पाणी भरून दिलं. पुरुषोत्तम रावांनी मान मागे टाकली. पहिला थेंब कपाळावर पडला. दुसरा नाकावर. तिसऱ्याच्या वेळी डोळा मिटला. चौथा कानात गेला. हात थोडा थरथरत होता, आणि बाटली कडेने डोळ्यावर यायची तेव्हा ती त्यांना दिसतच नव्हती. भवानीबाईंनी स्वतःचे हात पदरात गुंडाळून धरले होते. सातव्या थेंबाला त्या म्हणाल्या, "असूं द्या. पोदुम."

पुरुषोत्तम रावांनी चेहरा पुसला. जमिनीवर पसरलेल्या ढिगाकडे ते एकटक पाहत उभे राहिले. मग वाकून त्यांनी आपला जुना चष्मा उचलला.

"जिग पाहिजे," ते म्हणाले.

"काय?" रुचिराने विचारलं.

"हात थरथरतो तर हाताला दोष देऊं नये. काम धरून ठेवणारी वस्तू करावी. कारखान्यांत तिला जिग म्हणतात. भोक नेमकें तेथेंच पडतें, मग माणूस कोणीही असो."

ते परसातल्या शेडमध्ये गेले. तासभर कानशीचा आवाज येत होता. भवानीबाई दोनदा दारापर्यंत जाऊन परतल्या. पुरुषोत्तम राव आले तेव्हा चष्म्याच्या काचा निघालेल्या होत्या. उजव्या आणि डाव्या चौकटीत बाटलीचं एकेक टोपण बसवलेलं होतं, मधोमध भोक पाडलेलं, कडा घासून गुळगुळीत केलेल्या. थेंबाच्या बाटलीचं तोंड त्या भोकात बरोब्बर बसत होतं. थोडं वरच अडत होतं, डोळ्याला लागत नव्हतं.

ते पलंगावर आडवे झाले. चष्मा लावला. बोटांनी चाचपून बाटली भोकात बसवली आणि दाबली.

"पडला?" भवानीबाईंनी विचारलं.

"गार लागलें."

"डोळ्यांत कीं बाहेर?"

"आंत, ग. आंत."

भवानीबाई वाकून पाहायला गेल्या. टोपणाच्या आड काहीच दिसत नव्हतं. त्यांनी चष्मा उचलला. डोळा ओला होता, गाल कोरडा. त्या तशाच वाकून राहिल्या. रुचिरा उठून बाहेर ओट्यावर गेली.

थोड्या वेळाने आतून आवाज आला, "पंचा एकच घेतें. साबण अर्धा कापून घेतें. उरलेला अर्धा न्हाणीघरांत आहे, सांगून ठेवतें. मागून म्हणाल दिसला नाहीं."

सकाळी सातचे थेंब पुरुषोत्तम रावांनी स्वतः घातले. आठ वाजता त्यांनी दृष्ट लागू नये म्हणून मोटारसायकलच्या दोन्ही चाकांखाली लिंबं ठेवली. भवानीबाईंनी संयुक्ताचा जुना सलवार-कमीज घातला होता आणि त्या शेजाऱ्यांकडे पाहत नव्हत्या. त्यांना एका बाजूला पाय सोडून बसायची सवय होती. रुचिराने साफ सांगितलं होतं, तसं बसलात तर मी गाडी काढणार नाही.

"बस नीट," पुरुषोत्तम राव म्हणाले. "आणि हिला सांग, चेन बघ म्हणून."

"मी ऐकतेय, काका," रुचिरा हेल्मेटच्या आतून म्हणाली.

लिंबं फुटली. गाडी वळणावरून गेली.

दुपारी दोनला त्या वाणियंबाडीच्या पुढे एका चहाच्या टपरीवर थांबल्या. भवानीबाईंनी फोन मांडीवर ठेवला आणि त्याच्याकडे पाहत बसल्या. त्यांनी लावला नाही. चहा गार झाला. दोन वाजून बारा मिनिटांनी फोन वाजला.

"घातले," पुरुषोत्तम राव म्हणाले.

"दोन्ही डोळ्यांत?"

"दोन्ही. जेवलोंही. भातांत खडा होता."

"तो खडा नव्हे, मेथी."

"असेल. कोठे आहां?"

"वाणियंबाडीच्या पुढें."

मग ते म्हणाले, "उजवीकडे बघ. डोंगर आहेत ना?"

भवानीबाईंनी मान वळवली. मग त्यांना काहीतरी उमगलं आणि त्या हसू लागल्या. रुचिराने चमकून पाहिलं.

"अहो, मी हे डोंगर कधीं पाहिलेच नाहींत! चौतीस वर्षें मी डावीकडे तोंड करून बसलें. तुम्ही म्हणायचां, बघ, बघ, आणि माझी पाठ असायची. मान मोडून बघेपर्यंत गेलेलें असायचें. परततांना येथें रात्र व्हायची. आज सकाळपासून सगळा रस्ता समोरून येत आहे. आंबूरला तो एवढा मोठा तलाव होता हें मला ठाऊकच नव्हतें!"

"होता? पाणी आहे त्यांत?"

"आहे."

"मी शेवटचा पाहिला तेव्हां कोरडा होता," ते म्हणाले. "डोंगर कसे दिसतात ते सांग."

भवानीबाई बाकावरून उठल्या. टपरीच्या सावलीतून बाहेर येऊन त्या रस्त्याच्या कडेला उभ्या राहिल्या. ऊन डोळ्यांवर येत होतं म्हणून त्यांनी कपाळावर हात धरला.

"तीन आहेत," त्या म्हणाल्या. "पहिला उघडा, नुसता दगड. त्याच्या डोक्यावर एक देऊळ आहे, पांढरें. थांबा, पायऱ्याही दिसतात. कोणी तरी चढत आहे."

"कितके जण?"

"दोन. नाहीं, तीन. एक मागें राहिला आहे."

"सांग पुढें," पुरुषोत्तम राव म्हणाले. "मी ऐकतों आहें."